वाय-फाय घ्यायचे? आधी भिंती मोजा!

छोटे दुकान असो, दवाखाना असो की शंभर खोल्यांचे हॉटेल. बिनतारी इंटरनेटचे यंत्र घेताना बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. ती कशी टाळायची आणि आपल्या धंद्याला कोणते यंत्र योग्य, हे सांगणारा लेख.

रविवारची रात्र. ठाण्यातल्या एका कौटुंबिक उपाहारगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या बाकावर आठ-दहा माणसे ताटकळत बसलेली. एवढ्यात सात नंबरच्या टेबलावरचे गृहस्थ तावातावाने उठले आणि गल्ल्यापाशी आले. “अहो, पाऊण तास झाला. आमच्या थालीपिठांचं काय?”

गल्ल्यावरच्या वहिनींनी स्वयंपाकघरात विचारले. तिथे त्या टेबलाची ऑर्डर पोहोचलीच नव्हती. ऑर्डर घेणारा मुलगा काकुळतीने सांगत होता, “वहिनी, शप्पथ, मी टॅबवर बटण दाबलं होतं!”

त्या आठवड्यातली ही चौथी वेळ. टॅबवर घेतलेली ऑर्डर स्वयंपाकघरातल्या छपाई यंत्रावर कागदाच्या रूपाने उमटायची, अशी तिथली व्यवस्था. कधी ती उमटे, कधी नाही. “वाय-फाय कमी पडत असेल” म्हणून मालकांनी सहा अँटेना असलेला महागडा नवा राउटर आणला. तरी तेच! मग उरला कोण? ऑर्डर घेणारा मुलगा. “पोराचं कामात लक्ष नाही” असा निष्कर्ष निघाला आणि महिनाअखेरीस दुसरीकडे काम बघ, असे त्याला सांगूनही झाले.

योगायोगाने त्याच आठवड्यात वहिनींचा भाचा जेवायला आला. तो एका कंपनीत संगणकांच्या जाळ्याची देखभाल करतो. त्याने हातात मोबाइल धरून सगळ्या उपाहारगृहात एक फेरी मारली आणि शेवटी जिन्याखालच्या पोटमाळ्यावर डोकावला. नवा कोरा राउटर तिथे लोखंडी कपाटाच्या मागे बसला होता! इंटरनेटची तार जिन्याकडून येते, म्हणून बसवणाऱ्याने तो तिथेच ठेवून दिला होता. पोटमाळा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दोन पक्क्या भिंती, स्टीलचे दोन फ्रीझर आणि एक मायक्रोवेव्ह.

“मावशी,” तो म्हणाला, “यंत्र पुन्हा बदलू नकोस. त्याची जागा बदल.”

हे एका उपाहारगृहाचे झाले. पण असेच चित्र आज दवाखान्यांत, शिकवणी वर्गांत, कापड दुकानांत आणि मोठमोठ्या मंगल कार्यालयांतही दिसते. यंत्र घेताना आपण किंमत बघतो, अँटेना मोजतो, खोक्यावरचे आकडे वाचतो. बघायला हव्यात त्या तीन गोष्टी मात्र राहून जातात: आपल्या जागेच्या भिंती, एका वेळी वाय-फाय वापरणारी माणसे आणि यंत्रापर्यंत नेता येणारी तार. या तिन्हींचा हिशेब आधी मांडला, तर यंत्राची निवड फारशी अवघड नाही.

राउटर वेगळा, ॲक्सेस पॉइंट वेगळा

इंटरनेट देणारी कंपनी आपल्याकडे एक छोटा डबा बसवून जाते. आपण त्याला सरसकट ‘राउटर’ म्हणतो. खरे तर त्या एका डब्यात दोन-तीन कामे एकत्र कोंबलेली असतात. बाहेरून आलेल्या तारेतून इंटरनेट आत घेणे हे एक काम. ते आतल्या सर्व यंत्रांना वाटणे, कोणाची माहिती कोणाकडे जायची ते ठरवणे हे राउटरचे काम. आणि हीच माहिती तारेशिवाय, रेडिओ लहरींनी मोबाइल-संगणकांपर्यंत पोहोचवणे हे ॲक्सेस पॉइंटचे काम.

घरासाठी हे ‘थ्री इन वन’ पुरेसे होते. धंद्याचे तसे नाही. तार जिथून येते ती जागा क्वचितच मधोमध असते. ती असते जिन्यात, माळ्यावर, नाहीतर मागच्या दाराशी. म्हणून धंद्याच्या ठिकाणी ही कामे वेगळी करतात. राउटर राहतो कोपऱ्यात आणि तिथून तार काढून ॲक्सेस पॉइंट बसवतात माणसे जिथे बसतात तिथे, शक्यतो छताला. धुराच्या सूचकासारखी ती पांढरी चपटी तबकडी आपण विमानतळावर किंवा इस्पितळात पाहिली असेल. तोच ॲक्सेस पॉइंट.

भिंतीलाही कान असतात, पण वाय-फायला नाहीत

वाय-फाय आपल्याकडे मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते: २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पहिल्या पट्ट्याच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होतात. पण तिथे गर्दी फार. शेजारच्या दुकानाचे वाय-फाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळ्यांचा वावर त्याच पट्ट्यात. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. दुसऱ्या पट्ट्यात वाहिन्या पुष्कळ आणि वेगही अधिक, पण भिंत आली की त्या लहरी लवकर थकतात.

परदेशी जाहिरातींत ‘अमुक चौरस फूट जागेसाठी पुरेसे’ असे लिहिलेले असते. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. आपल्या भिंती विटांच्या, खांब आणि स्लॅब लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे. तिथला हिशेब इथे कसा चालेल? त्यातच लोखंडी कपाट, शटर, मोठा आरसा, पाण्याची टाकी, लिफ्टचा खड्डा यांतले काही मधे आले की लहरी अडल्याच म्हणून समजा. माणसाचे शरीरही त्या शोषून घेते. म्हणूनच रिकाम्या सभागृहात झकास चालणारे वाय-फाय भरल्या मांडवात मान टाकते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. संभाषण दोन्ही बाजूंनी व्हावे लागते. जास्त ताकदीचे यंत्र मोठ्याने ओरडते, ते मोबाइलला ऐकू येते आणि पडद्यावर वाय-फायच्या सगळ्या दांड्या दिसतात. पण मोबाइलचा आवाज बारीक. त्याचे उत्तर यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. ‘दांड्या तर पूर्ण आहेत, मग पान का उघडत नाही?’ या नेहमीच्या तक्रारीचे एक मोठे कारण हे आहे. यावर उपाय एकच: यंत्र माणसांच्या जवळ आणणे.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका

दुकानात खोक्यावर ‘एएक्स ३०००’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले दिसते. आपल्याला वाटते, सेकंदाला ३००० मेगाबिटचा वेग मिळणार. वास्तविक ही बेरीज आहे. २.४ च्या पट्ट्यावरचे ५७४ आणि ५ च्या पट्ट्यावरचे २४०२ मिळवून जवळपास ३००० होतात. एक मोबाइल सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. शिवाय हे आकडे आदर्श परिस्थितीतले, कागदावरचे. आणि मुळात आपण कंपनीकडून १०० मेगाबिटची जोडणी घेतली असेल, तर खोक्यावर काहीही लिहिलेले असो, बाहेरून येणारे पाणी तेवढेच. नळ मोठा बसवला म्हणून टाकीतले पाणी वाढत नाही.

‘२५६ उपकरणे जोडता येतात’ हेही असेच. एका वाहिनीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो; बाकीच्यांनी थांबायचे. पंगतीत एकच वाढपी असेल तर पाने २५६ मांडता येतील हो, पण भात सर्वांपर्यंत गरम पोहोचेल का? म्हणून या कामातले जाणकार खोक्यावरची संख्या बाजूला ठेवतात आणि एका यंत्रावर एकाच वेळी खरोखर काम करणारी २५-३० माणसे धरून आखणी करतात. नुसते जोडलेले, पण खिशात पडून असलेले मोबाइल याहून जास्त चालतात.

मग पिढी कोणती घ्यावी? वाय-फायचा पहिला प्रमाणित आराखडा १९९७ मध्ये ठरला. पुढे नावांचा गोंधळ वाढत गेला, तेव्हा २०१८ मध्ये सोपे क्रमांक देण्यात आले: वाय-फाय ४, ५, ६. सहाव्या पिढीच्या यंत्रांना २०१९ पासून आणि सातव्या पिढीच्या यंत्रांना २०२४ पासून प्रमाणपत्रे मिळू लागली. सहाव्या पिढीची खुबी अशी की, ती एकाच खेपेत अनेकांची छोटी-छोटी पार्सले पोहोचवते. गर्दीच्या जागी याचा खरा उपयोग. आज नवे यंत्र घेताना सहाव्या पिढीच्या खाली जाऊ नये. सातवी पिढी चांगलीच. पण तिचा पूर्ण फायदा मोबाइल आणि लॅपटॉपही त्याच पिढीचे असतील तरच मिळतो.

अमेरिकेतला भाऊ किंवा दुबईतला जावई येताना यंत्र घेऊन येतो म्हणाला, तर नम्रपणे नको म्हणा. लहरींचे पट्टे आणि ताकद यांचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेत ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २०२० मध्येच वाय-फायसाठी खुला झाला. भारतात त्याच्या खालच्या भागाबद्दलच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. शिवाय परदेशातून आणलेल्या यंत्राची हमी इथे चालेल याची खात्री नाही. भारतात विक्रीस मान्यता असलेले यंत्र, पक्क्या बिलासह घ्यावे.

छोटा धंदा असेल तर

किराणा दुकान, दवाखाना, सनदी लेखापालांचे कार्यालय, ब्युटी पार्लर, वीस मुलांचा शिकवणी वर्ग. एक किंवा दोन खोल्या, पाच ते वीस माणसे. इथे मोठा बडेजाव नको. आधी एक दमडीही खर्च न करता काय करता येते ते पाहा.

पहिले म्हणजे आहे तो राउटर उंचावर, मोकळ्या जागी आणि शक्य तितका मधोमध आणा. कपाटात, टेबलाखाली, दूरदर्शन संचामागे तो ठेवू नका. दुसरे, ज्या वस्तू जागेवरून हलत नाहीत त्यांना वाय-फाय देऊच नका. बिलाचा संगणक, छपाई यंत्र, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांना सरळ तार जोडा. तार तुटत नाही तोवर ती दगा देत नाही, आणि तेवढीच वाय-फायवरची गर्दी कमी होते.

एवढे करूनही एखादा कोपरा कोरडा राहिला, तर तिथे तार नेऊन एक ॲक्सेस पॉइंट बसवा. बाजारात ‘रिपीटर’ किंवा ‘एक्स्टेंडर’ नावाचा स्वस्त तुकडा मिळतो. प्लगमध्ये खोचला की झाले, असे दुकानदार सांगतो. परंतु साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो. त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय तो स्वतःच मेलेल्या कोपऱ्यात बसवला, तर त्याला तरी काय ऐकू येणार? ‘मेश’ प्रकारची यंत्रे याहून बरी; त्यांतल्या काहींना आपसात बोलायला वेगळा रेडिओ असतो. भाड्याच्या जागेत भिंत फोडता येत नसेल तर मेशचा विचार जरूर करावा. पण जिथे तार नेणे शक्य आहे, तिथे तारच न्यावी.

छोट्या धंद्यासाठीही घरगुती यंत्राऐवजी धंद्याच्या मालिकेतला साधा ॲक्सेस पॉइंट घेणे हिताचे. टीपी-लिंकची ओमाडा, युबिक्विटीची युनिफाय यांसारख्या मालिकांत आज एक यंत्र घेऊन पुढे गरजेप्रमाणे त्याच मालिकेतली भर घालता येते. उद्या शेजारचा गाळा घेतलात, तर पहिले यंत्र फेकून द्यावे लागत नाही.

व्याप मोठा असेल तर

आता मंगल कार्यालय, इस्पितळ, हॉटेल, कारखाना, शाळा यांचा विचार करू. इथे ‘कोणते यंत्र’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, किती आणि कुठे.

चौरस फुटांवरून संख्या काढू नका; माणसांवरून काढा. पाचशे पाहुण्यांच्या सभागृहात एक बलाढ्य यंत्र बसवण्यापेक्षा कमी ताकदीची अनेक यंत्रे, वेगवेगळ्या वाहिन्यांवर, हा मार्ग बरोबर. मात्र ‘अनेक’ म्हणजे ‘वाटेल तितकी’ नव्हे. फार जवळ बसवलेली, एकाच वाहिनीवरची यंत्रे एकमेकांच्या बोलण्यात अडथळा आणतात. बाजारपेठेत दहा विक्रेते एकदम ओरडू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही, तसे.

हॉटेलांत एक चूक नेहमी आढळते. तार ओढायला सोपे म्हणून सगळी यंत्रे लांब बोळाच्या छताला बसवतात. परिणाम असा की बोळातली यंत्रे एकमेकांना लख्ख दिसतात आणि आपसात भांडतात; पाहुणा मात्र दार, न्हाणीघर आणि टाइल्सच्या पलीकडे खोलीत बसून चडफडतो. खोलीच्या आतच बसणारी छोटी यंत्रे याच कारणासाठी निघाली आहेत. गोदामाचेही असेच. रिकाम्या गोदामात पाहणी केली तर निकाल उत्तम. माल भरला की लहरी गायब. म्हणून पाहणी माल भरलेला असताना करा. मंगल कार्यालयाची पाहणी लग्नाच्या तिथीला!

मोठ्या व्यापाला आणखी चार गोष्टी लागतात.

एक, तार आणि वीज एकत्र. छतावर प्रत्येक यंत्राजवळ विजेचा बिंदू काढण्याची गरज नाही. इंटरनेटच्या तारेतूनच वीज पुरवता येते. या पद्धतीचे प्रमाण २००३ मध्ये ठरले, तेव्हा १५.४ वॉट, २००९ च्या सुधारणेत ३० वॉट. आपल्या यंत्राला किती लागते ते बघून त्या क्षमतेचा स्विच घ्यावा. तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे ऑप्टिकल फायबर. याचा आपल्याकडे मोठा लाभ असा की, तो एक स्विच, राउटर आणि इंटरनेट कंपनीचा डबा एवढेच यूपीएसवर ठेवले, तर वीज गेली तरी सगळ्या इमारतीचे वाय-फाय चालू राहते.

दोन, एका जागेवरून कारभार. वीस यंत्रांपैकी प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा बदलत बसणे अशक्य. त्यासाठी ‘कंट्रोलर’ हवा. तो छोट्या यंत्राच्या, संगणकावरील प्रणालीच्या किंवा इंटरनेटवरील सेवेच्या रूपात मिळतो.

तीन, चालता-चालता यंत्र बदलणे. डॉक्टर बोलत-बोलत एका वॉर्डातून दुसऱ्यात गेले, तर त्यांचा फोन एका यंत्राकडून दुसऱ्याकडे अलगद सोपवला जायला हवा. यंत्र विचारताना ‘रोमिंग’ची सोय, म्हणजे ८०२.११ के, व्ही आणि आर ही प्रमाणे आहेत का, ते विचारा.

चार, पत्त्यांची संख्या. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलला राउटर एक अंतर्गत पत्ता देतो. साध्या मांडणीत असे जास्तीत जास्त २५४ पत्ते असतात. लग्नात चारशे पाहुणे आले, की पत्ते संपतात आणि उरलेल्यांना वाय-फाय ‘जोडले जात आहे, जोडले जात आहे’ असेच दाखवत राहते. यंत्रात काही बिघाड नसतो. पत्त्यांचा साठा वाढवला आणि जुने पत्ते लवकर मोकळे होतील अशी मुदत लावली, की प्रश्न सुटतो. त्याला पैसाही लागत नाही.

पाहुण्यांना बैठकीत बसवा, तिजोरीपाशी नको

“वाय-फायचा पासवर्ड काय हो?” गिऱ्हाइकाचा हा प्रश्न आता नेहमीचा. आणि आपण बिलाचा संगणक ज्या जाळ्यावर आहे त्याचाच पासवर्ड भिंतीवर चिकटवून मोकळे होतो. घरी आलेल्या पाहुण्याला आपण बैठकीत बसवतो, तिजोरीच्या खोलीत नाही. इथेही तसेच हवे.

हा धोका कल्पनेतला नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या थोडे आधी वृत्तवाहिन्यांना जी ईमेल आली, तिचा माग काढत पोलीस पोहोचले नवी मुंबईतल्या एका परदेशी नागरिकाच्या घरी. त्याच्या खुल्या वाय-फायचा गैरवापर करून ती पाठवली गेली होती. नसती चौकशी मात्र जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्या वाट्याला आली. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या.

परदेशातला एक धडाही ध्यानात ठेवण्याजोगा. अमेरिकेतील टीजेएक्स या बड्या दुकानसाखळीने जानेवारी २००७ मध्ये आपल्या संगणकांत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले. किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती चोरीला गेली होती. कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांनी त्याच वर्षी दिलेल्या अहवालात, दुकानांच्या वाय-फायला लावलेले ‘वेप’ हे जुने, कमकुवत कुलूप पुरेसे नव्हते, असा ठपका ठेवला. वास्तविक ते कुलूप उघडता येते, हे संशोधकांनी २००१ मध्येच दाखवून दिले होते. एवढ्या मोठ्या कंपनीने कुलूप बदलायला उशीर केला आणि त्याची किंमत मोजली.

म्हणून तीन नियम पाळा. कुलूप ‘डब्ल्यूपीए २’ किंवा २०१८ मध्ये आलेले ‘डब्ल्यूपीए ३’ असावे. पाहुण्यांसाठी वेगळे नाव, वेगळे जाळे असावे. तिथून बिलाचा संगणक, कॅमेरे दिसता कामा नयेत आणि एका पाहुण्याचा मोबाइल दुसऱ्यालाही दिसू नये. दवाखान्यात तर रुग्णांची माहिती असते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला आहे. तिसरे, यंत्रासोबत आलेला ‘ॲडमिन’चा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. मोठ्या कार्यालयात सर्वांना एकच पासवर्ड न देता प्रत्येकाला स्वतंत्र ओळख द्यावी, म्हणजे एखादा कर्मचारी नोकरी सोडून गेला तर त्याच्या एकट्याचेच दार बंद करता येते.

गिऱ्हाइकांना वाय-फाय पुरवण्याचीच इच्छा असेल, तर रीतसर मार्गही आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेला मंजुरी दिली. पूर्वी नाक्यावर पिवळ्या पाटीचा पीसीओ असे, त्याच धर्तीवर छोट्या दुकानदाराला वाय-फाय केंद्र चालवता येते. त्यासाठी दुकानदाराला परवाना लागत नाही. वापरणाऱ्याची ओळख पटवण्याचे काम योजनेतील जोडकंपनी करते.

किंमत फक्त खोक्याची नसते

दोन विक्रेत्यांची दरपत्रके समोर ठेवली, की आपण खालचा आकडा बघतो. जरा वरही बघा. काही कंपन्यांच्या पद्धतीत, उदाहरणार्थ सिस्कोच्या मेराकीत, यंत्राबरोबर ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावाच लागतो आणि मुदत संपली की नव्याने पैसे भरावे लागतात. त्या बदल्यात देखरेख, दुरुस्ती, पाठबळ चांगले मिळते. ज्या कंपनीत संगणक विभागच नाही किंवा पन्नास शाखा आहेत, तिला हे परवडते. युनिफाय आणि ओमाडा यांच्या कंट्रोलरला असा वार्षिक परवाना सक्तीचा नाही. पण देखभाल करणारा जाणता माणूस मात्र आपला आपण शोधावा लागतो. कोणते चांगले, असा हा प्रश्न नाही. आपल्याकडे माणूस आहे की नाही, हा आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत ते असे.

पैसे कमीच असतील तर यंत्रात काटकसर करा, तारेत नको. यंत्र पाच-सहा वर्षांनी बदलावेच लागेल. भिंतीत गेलेली चांगली तार मात्र दोन-तीन पिढ्यांच्या यंत्रांना पुरते. बांधकाम किंवा रंगकाम निघाले असेल तेव्हाच प्रत्येक जागी दोन तारा टाकून घ्या.

खरेदीपूर्वी हे जरूर करा

• अँड्रॉइड मोबाइलवर सिग्नल मोजणारे एखादे मोफत ॲप घ्या आणि सगळ्या जागेत फिरा. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६७ च्या आसपास असेल तर बोलणेही नीट होते. उणे ८० म्हणजे कामाचे नाही.

• जागेचा साधा नकाशा काढून त्यावर पक्क्या भिंती, लोखंडी वस्तू आणि माणसे बसण्याच्या जागा दाखवा.

• सर्वांत गर्दीच्या वेळी किती मोबाइल, टॅब, संगणक एकदम चालतात ते मोजा. पुढच्या तीन वर्षांची वाढ धरा.

• विक्रेत्याला विचारा: परवान्याचा खर्च किती? हमी किती वर्षांची? सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळतील? बिघाड झाल्यास बदली यंत्र किती दिवसांत?

• शक्य असल्यास एक यंत्र आठवडाभर चाचणीसाठी मागा आणि ते गर्दीच्या वेळी वापरून पाहा.

• बसवून झाल्यावर सर्व पासवर्ड आणि तारांचा नकाशा लिहून घ्या. बसवणाऱ्याचा फोन बंद लागला तरी आपले अडता कामा नये.

आता पुन्हा ठाण्याच्या त्या उपाहारगृहाकडे वळू. भाच्याने नवे काही महागडे आणायला लावले नाही. राउटर पोटमाळ्यावरच राहू दिला. तिथून दोन तारा काढल्या. एक स्वयंपाकघरातल्या छपाई यंत्राला थेट जोडली, दुसरी बैठकीच्या मधोमध छताला नेऊन तिथे एक साधा ॲक्सेस पॉइंट बसवला. गिऱ्हाइकांसाठी वेगळे जाळे केले. सगळा खर्च सहा अँटेनांच्या त्या राउटरच्या किमतीपेक्षा कमी आला.

पुढच्या रविवारी तितकीच गर्दी होती. एकही ऑर्डर चुकली नाही. रात्री शटर ओढल्यावर मालकांनी त्या मुलाला जवळ बोलावले. “तुझी चूक नव्हती रे. आमचीच होती.” एवढे ते म्हणाले आणि त्याच्यापुढे ताट सरकवले. मुलगा काही बोलला नाही, मान खाली घालून जेवत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच कामावर हजर होता.

यंत्र चुकते तेव्हा दोष पहिल्यांदा माणसावर येतो. तेव्हा आपल्या दुकानात, कार्यालयात पुढच्या खेपेला असे काही घडले, तर कोणावर आवाज चढवण्याआधी एकदा मान वर करून पाहा. राउटर कुठे ठेवलाय?